अम्मीच्या गोळ्या

अम्मीच्या लोखंडी कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात लोहाच्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप ठेवलेल्या असत. रिकाम्या स्ट्रिप सहसा कुणी जपून ठेवत नाही. अम्मी ठेवायची, कारण मी त्या मोजत असे.

ही गोष्ट २०१० ची. अम्मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. मी कराडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो आणि दर रविवारी मिरजेला घरी यायचो. तिला जिना चढताना धाप लागायची, ओठ पांढरट दिसायचे. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ७.९. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गोळ्या खात नसणार. या बायका गोळ्या घेतात आणि गादीखाली ठेवतात. लक्ष ठेवा."

'या बायका' म्हणजे कोणत्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बुरख्यातली अम्मी शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती.

त्या दिवसापासून मी हिशेब सुरू केला. एक गोळी भागत नाही म्हणून डॉक्टरांना विचारून दिवसाला दोन केल्या. दहा गोळ्यांची एक स्ट्रिप, आठवड्याला चौदा गोळ्या. रविवारी मी आलो की अम्मी चहाआधी डबा आणून माझ्यासमोर ठेवायची. हिशेब नेहमी बरोबर निघायचा. तरी मला वाटायचं, गोळ्या काढून टाकल्या तरी स्ट्रिप रिकामीच दिसणार. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. आमच्या घरची बोली दखनी. अम्मी शांतपणे म्हणाली, "खाती की रे बाबा. रोज खाती. तुजे झूट लगता क्या?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं हेच उत्तर होतं.

तिचं पोट बिघडलं. कधी मळमळ, कधी बद्धकोष्ठ. भाभी एकदा हळूच मला म्हणाली, "भाईजान, अम्मींना शौचाला काळं होतंय. गोळ्या पोटात जातायत." हा घरातला सगळ्यात चांगला पुरावा होता. मी जीवशास्त्राचा शिक्षक असून तो ऐकून सोडून दिला.

दुसरी एक गोष्टही मी सोडून दिली होती. अम्मीची बोटं. ती शिलाई करायची. गल्लीतल्या अर्ध्या मुलींचे ईदचे कपडे तिच्या मशीनवरून जायचे. दोनेक वर्षांपासून सकाळी तिच्या बोटांची मूठ वळत नव्हती. सांधे सुजलेले, गरम. सुईत दोरा ओवायला ती नातीला बोलवायची. आम्ही सगळे त्याला वाऱ्याचं दुखणं म्हणायचो आणि मोहरीचं तेल लावायचो. रक्त कमी हे एक दुखणं आणि बोटं सुजली हे दुसरं, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी त्याच काळात वर्गात 'फीडबॅक' शिकवत होतो. माझं उदाहरण ठरलेलं होतं: घरावरची पाण्याची टाकी. पाणी वर आलं की बॉलकॉकचा फुगा वर येतो आणि नळ बंद होतो. पाणी उतरलं की फुगा खाली जातो, नळ सुरू होतो. कुणी पहारा द्यायची गरज नाही. पाण्याची पातळीच पाण्यावर नियंत्रण ठेवते. शरीरातल्या पेशीही असंच करतात, असं सांगून मी साखर आणि इन्सुलिनकडे वळायचो. लोहाचा विषय त्या धड्यात नव्हता.

लोहाची गोष्ट मात्र साखरेहून वेगळी आहे, आणि मला ती फार उशिरा कळली.

प्रौढ माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. म्हणजे एखादा खिळा होईल इतकंच. त्यातलं बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. ती म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात, तिच्यातलं लोह सोडवतात आणि नव्या पेशींसाठी परत देतात. नवं रक्त तयार करायला रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं आणि ते जवळजवळ सगळं या जुन्या मालातूनच येतं. जेवणातून रोज आत येतं ते फक्त एक-दोन मिलिग्रॅम. भंगारवाल्याच्या धंद्यासारखा हा व्यवहार आहे. नवा माल नावाला, सगळं जुन्यावर चालतं.

यातली मोठी अडचण अशी की जास्तीचं लोह बाहेर टाकायला शरीराकडे वाटच नाही. जास्तीचं मीठ लघवीतून जातं, साखरसुद्धा जाते. लोह जात नाही. मॅकान्स आणि विडोसन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये हे दाखवून दिलं. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर थोडं जातं, बायकांचं पाळीत जातं, तेवढंच. आणि मोकळं लोह तर विषारी. ते पेशीत सुटं फिरू लागलं की अशी रसायनं तयार होतात जी पेशीचं आवरण आणि तिचा डीएनए जाळतात. म्हणजे ज्याच्याशिवाय जगता येत नाही, जे जास्त झालं तर मारतं आणि जे एकदा आत आलं की बाहेर काढता येत नाही, अशी ही वस्तू आहे. अशा वस्तूचं नियंत्रण फक्त एकाच ठिकाणी करता येतं: दारावर. आत घ्यायचं की नाही, हा निर्णय घेण्याआधीच.

म्हणून प्रत्येक पेशी दारावर कडक पहारा ठेवते. तो कसा चालतो, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रिचर्ड क्लॉसनर यांच्या प्रयोगशाळेत मॅथियास हेंत्झे, ट्रेसी रुऑल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडायला सुरुवात केली. ते मला इतकं आवडतं की आता मी वर्गात टाकीऐवजी हेच सांगतो.

पेशीत एक प्रथिन असतं. पेशीत लोह पुरेसं असलं की या प्रथिनाच्या खोबणीत लोह आणि गंधक यांच्या चार-चार अणूंचा एक छोटा ठोकळा बसलेला असतो. तेव्हा हे प्रथिन एखाद्या साध्या कामगारासारखं आपलं नेहमीचं काम करतं. ते एक एंझाइम असतं. लोह कमी पडलं की तो ठोकळा निखळतो, खोबण रिकामी होते. आणि ती रिकामी झाली की तेच प्रथिन वेगळ्याच कामाला लागतं. पेशीत कोणतं प्रथिन बनवायचं याच्या चिठ्ठ्या फिरत असतात; शास्त्रात त्यांना एमआरएनए म्हणतात. हे रिकाम्या हाताचं प्रथिन त्यातल्या दोन चिठ्ठ्या पकडतं. एक चिठ्ठी सांगते, 'लोह आत घेणारी दारं बनवा'. तिच्या शेपटीला ते चिकटतं, त्यामुळे ती चिठ्ठी फाडली जात नाही आणि दारं बनत राहतात. दुसरी चिठ्ठी सांगते, 'लोह साठवायची कोठारं बनवा'. या कोठाराचं नाव फेरिटिन. एका फेरिटिनमध्ये लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. या चिठ्ठीच्या डोक्यावरच ते बसतं, त्यामुळे ती वाचलीच जात नाही. घरात दाणा नसताना कणगी कशाला बांधायची? लोह परत आलं की ठोकळा पुन्हा बसतो, प्रथिन चिठ्ठ्या सोडून देतं. दारं कमी होतात, कोठारं वाढतात.

यात कुणी हुकूम देणारा नाही. लोह आहे की नाही याची बातमी लोहच आणतं. पेशी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाही आणि अविश्वासही दाखवत नाही. हातात काय आहे तेवढं ती पाहते.

पण एकेका पेशीने स्वतःपुरतं पाहून भागत नाही. सगळ्या शरीराचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. तो ठेवतं यकृत, हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाच्या मदतीने. हे इतकं महत्त्वाचं संप्रेरक आपल्याला एकविसावं शतक उजाडेपर्यंत माहीतच नव्हतं. २००० च्या सुमारास जर्मनीतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांना ते रक्तात आणि लघवीत सापडलं. ते जंतूंना मारणारं काहीतरी असावं असं त्यांना वाटलं, म्हणून टॉमस गान्झ यांच्या गटाने त्याला यकृतावरून आणि जंतुनाशावरून हेप्सिडिन हे नाव दिलं. त्याच सुमारास पॅरिसमध्ये सोफी व्होलों यांच्या गटाकडे काही उंदीर होते. साखरेच्या वापराशी संबंधित एका जनुकाचा अभ्यास करण्यासाठी ते तयार केले होते. त्या उंदरांच्या यकृतात लोहाचे ढीग साठले. शोध घेतला तेव्हा कळलं की त्यांच्यात शेजारच्या हेप्सिडिनच्या जनुकाचं कामही बंद पडलं होतं. हेप्सिडिन नाही म्हणून दार सताड उघडं राहिलं होतं.

ते दार कोणतं, हे २००४ मध्ये एलिझाबेटा नेमेथ, गान्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आतड्याची पेशी जेवणातलं लोह आत घेते, पण ते रक्तात सोडायला तिच्या मागच्या बाजूला एक दार असतं. त्याचं नाव फेरोपोर्टिन. जुनं रक्त गिळणाऱ्या भक्षक पेशींनाही हेच दार असतं. अंगात लोह वाढलं की यकृत हेप्सिडिन सोडतं, ते जाऊन या दाराला चिकटतं आणि पेशी ते दार आत ओढून मोडून टाकते. आतड्याच्या पेशीत लोह आलेलं असतं, पण मागचं दार नाही. ते तिथेच अडकतं. ही पेशी तीन-चार दिवसच जगते. ती झडते आणि तिच्यातलं लोह तिच्याबरोबर शौचातून निघून जातं. अंगात लोह कमी झालं की हेप्सिडिन उतरतं, दारं पुन्हा बनतात.

इथवर टाकी आणि बॉलकॉकचंच उदाहरण चालतं. पण हेप्सिडिनला आणखी एक बातमी ऐकू येते, आणि अम्मीचं उत्तर तिथे होतं.

आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या भागात महापूर येतो तेव्हा एक विचित्र गोष्ट घडते. चहूकडे पाणी असतं आणि नळ कोरडे असतात. पाणीपुरवठ्याची यंत्रणा बुडालेली असते, गढूळ पाणी लोकांच्या पोटात जाऊ नये म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागतो. टाकी रिकामी असली, फुगा खाली गेला, तरी बॉलकॉक काय करणार? मागून पाणीच सोडलेलं नाही.

शरीरात जंतू शिरले की यकृत असंच करतं. जंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून सूज आणि संसर्ग यांची बातमी देणारा आयएल-६ नावाचा रेणू यकृतापर्यंत पोहोचला की यकृत हेप्सिडिन वाढवतं, मग अंगात लोह कमी असो वा जास्त. दारं मोडतात. आतड्यातून नवं लोह येत नाही आणि भक्षक पेशींनी जुन्या रक्तातून सोडवलेलं लोहही त्यांच्याच पोटात बंद राहतं. जंतूंची उपासमार होते. चार दिवसांचा ताप असेल तर ही युक्ती उत्तम आहे. ताप उतरतो, दारं उघडतात.

पण सूज वर्षानुवर्षं राहिली तर? ज्या सांधेदुखीत शरीर स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करतं, ज्याला आपण आमवात म्हणतो, त्यात आत कुणी जंतू नसतो. तरी यकृताला रोज तीच बातमी जात असते: संकट आहे, लोह लपवा. यकृत इमानाने लपवत राहतं. घरात लोह असतं, कपाटात बंद. मज्जेला रक्त बनवायला मिळत नाही. अशा माणसाच्या तोंडात दिवसाला एक नाही, दोन गोळ्या घाला, त्यातलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. बाकीचं आतड्यात तसंच राहतं, पोट बिघडवतं आणि काळं होऊन बाहेर पडतं.

भाभी बरोबर सांगत होती. गोळ्या पोटात जात होत्या. रक्तात जात नव्हत्या.

हे आम्हाला कळलं ते एका तरुण डॉक्टरीणबाईंमुळे. वर्षभरानंतर अम्मीचं मनगट इतकं सुजलं की मी तिला त्यांच्याकडे नेलं, मनगटासाठी. रक्ताचा विषय मी काढलाही नव्हता. त्यांनी अम्मीचे दोन्ही हात हातात घेऊन एकेक सांधा दाबून पाहिला आणि विचारलं, "खाला, सकाळी उठल्यावर किती वेळ बोटं आखडलेली असतात?" अम्मी म्हणाली, "जोहरपर्यंत." त्यांनी काही तपासण्या लिहून दिल्या. त्यात रक्तातलं फेरिटिनही होतं. आधीच्या वर्षभरात ते एकदाही तपासलं गेलं नव्हतं. लोह खरोखर कमी असतं तर फेरिटिन तळाला गेलं असतं. अम्मीचं ३४० आलं. सूज दाखवणारं सीआरपीही चांगलंच वाढलेलं होतं.

बाई म्हणाल्या, "सर, यांच्या अंगात लोह आहे. अडकलंय. सूज उतरवल्याशिवाय ते सुटायचं नाही."

मी म्हणालो, "पण वर्षभर गोळ्या..."

त्या म्हणाल्या, "त्यांनी खाल्ल्या असणार. चुकलं त्यांचं नाही."

आमवाताचे उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्या त्यांनी तूर्त थांबवल्या. सात महिन्यांनी बोटांची मूठ वळायला लागली आणि हिमोग्लोबिन १०.६ झालं. लोहाची एकही गोळी न घेता. वर्षभर पाचशेहून जास्त गोळ्यांनी जे झालं नव्हतं, ते सूज उतरल्यावर आपोआप झालं.

मी घरी आल्यावर अम्मीला इतकंच म्हणालो, "अम्मी, अब लोहेकी गोळ्यां बंद." ती मशीनवर बसली होती. दोरा स्वतःच ओवला तिने. माझ्याकडे न बघता म्हणाली, "फिर गिनना बी बंद ना?"

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी हसलो. माफी मागायचं धाडस नसलं की माणूस हसतो.

पुढे काही वर्षांनी मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. २०१५ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोहाची एक मोठी गोळी घेतली की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण चोवीस तास वाढलेलं राहतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं, असं त्यात दिसलं. मात्रा सहापट केली तर आत गेलेलं लोह जेमतेम तिप्पट झालं. त्याच दिवशी दुसरी गोळी दिली तरी फारसा फायदा नव्हता. २०१७ मध्ये त्याच शहरात आणखी एक अभ्यास झाला. सारख्याच चौदा गोळ्या एका गटाला रोज दिल्या, दुसऱ्याला एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांच्या अंगात एकूण १३१ मिलिग्रॅम लोह गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांच्या १७५. म्हणजे धडधाकट बाईलासुद्धा मी अम्मीला दिल्या तशा दिवसाला दोन गोळ्या दिल्या असत्या, तर दुसरी बरीचशी वायाच गेली असती. दार ढकललं की ते आणखी घट्ट मिटतं. थोडं थांबलं की उघडतं.

हे दार शरीराने उगाच ठेवलेलं नाही, हेही वाचनात आलं. झांझिबारमधल्या पेम्बा बेटावर, जिथे मलेरिया फार, हजारो लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक अॅसिड देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. त्या मुलांमध्ये दवाखान्यात भरती होण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं, म्हणून लोह देणं मध्येच थांबवावं लागलं. सुनील सझावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निष्कर्ष २००६ मध्ये मांडले. हेतू चांगलाच होता. पण आत काय चाललंय हे न पाहता बाहेरून भरत राहिलं की असंही होऊ शकतं.

याचा अर्थ लोहाच्या गोळ्या वाईट, असा कुणी काढू नये. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मोहल्ल्यांत अर्धवट ऐकलेली गोष्ट लवकर पसरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. यातल्या कितीतरी जणींना लोह खरोखरच कमी असतं. पाळीत जातं, बाळंतपणात जातं, आणि ताटात शेवटी उरेल ते खाणाऱ्या बाईकडे ते परत येत नाही. त्यांना गोळी हवीच. गरोदर बाईने तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही चुकवू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहातले घटक लोह अडवतात. रमजानमध्ये सहरीच्या चहाबरोबर गोळी गिळणाऱ्या किती बायका मला माहीत आहेत! अम्मीही त्यातलीच. पण दोन-तीन महिने नियमाने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर गोळ्यांची संख्या वाढवण्याआधी आणि बाईला खोटं ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा: फेरिटिन पाहू या का? कुठे सूज आहे का? कुठून रक्त जातंय का?

आपल्या घरांत बाईच्या दुखण्याबद्दल तीच सांगते ते सगळ्यात शेवटी ऐकलं जातं. दवाखान्यात ती मागच्या खुर्चीवर, बोलणार नवरा किंवा मुलगा. डॉक्टर विचारतात मुलाला, मुलगा सांगतो स्वतःचा अंदाज. त्यात ती बुरख्यातली, चार इयत्ता शिकलेली असली की तिचं म्हणणं पुरावा म्हणून धरलंच जात नाही. याला मी फक्त त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्यांनी एक वाक्य बोलून सोडून दिलं होतं. डबा मी उघडत होतो. आणि मी शिकलेला होतो, फीडबॅक शिकवत होतो. फीडबॅक म्हणजे बाहेर काय घडलं याची बातमी आत घेऊन आपलं वागणं बदलणं. अम्मी बातमी देत होती. भाभी देत होती. सुजलेली बोटं देत होती. डोळ्यांना न दिसणारी एक पेशी खोबणीत लोह आहे की नाही एवढं पाहून आपलं वागणं बदलते. मी वर्षभर बातमी नाकारून गोळ्या वाढवत राहिलो.

अम्मी २०१६ मध्ये गेली. हृदयविकाराने, झोपेत. माफी राहून गेली ती गेलीच.

आता माझी मुलगी नववीत आहे. शाळेत आठवड्यातून एकदा निळी लोहाची गोळी मिळते. मागच्या महिन्यात घरी येऊन म्हणाली, "अब्बा, ती गोळी खाल्ली की मळमळतं. मी आज नाही खाल्ली." माझ्या तोंडात आलेलं वाक्य जुनंच होतं. मी ते गिळलं. विचारलं, कधी घेतेस, काय खाऊन घेतेस, मळमळ किती वेळ राहते. ती उपाशीपोटी घेत होती. आता डब्यातली पोळी खाऊन घेते, आणि घेतली की घेतली म्हणते, नाही घेतली तर नाही म्हणते. मी मोजत नाही.

बिस्किटांचा तो डबा अजून आहे. भाभीने त्यात अम्मीच्या मशीनच्या सुया आणि बॉबिन ठेवल्या आहेत.